गोळी सुरू केल्यावर वहीत वेळ लिहा

माझा मुलगा चौथीत असताना डॉक्टरांनी त्याला एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू केलं. साधी गोळी, ५ मिलीग्रॅम, सकाळी सातला नाश्ता झाल्यावर. पहिल्याच आठवड्यात शाळेतून निरोप आला, ‘आज चित्रकलेच्या तासाला कागद फाडला, खूप रडला.’ सासूबाई म्हणाल्या, “पोराला नको ते देताय.” मलाही तेच वाटत होतं. रात्री मी गोळ्यांचं पाकीट कपाटात वर ठेवून दिलं आणि सकाळी परत काढलं.

या काळात आम्हाला उपयोगी पडली ती एक दोनशे पानी वही. तुमच्याही घरी गोळी सुरू होणार असेल तर आधी वही आणा. तिच्यात रोज गोळीची वेळ लिहा, आणि जे काही वेगळं दिसेल ते किती वाजता दिसलं तेही लिहा. ‘आज चिडचिडा होता’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. वर्गशिक्षिकेला विनंती करून शाळेतल्या वेळाही मिळवा. आमच्या बाई डायरीच्या कोपऱ्यात फक्त आकडा लिहायच्या. पाच दिवसांपैकी चार दिवस तो आकडा अकरा ते साडेअकराच्या मधला होता.

डॉक्टरांनी ते पान पाहिलं आणि बोटांवर मोजून दाखवलं. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागते आणि साधारण चार तासांत उतरते. सातची गोळी अकराला उतरत होती. म्हणजे रडणं गोळीमुळे नव्हतं, ती उतरत असल्यामुळे होतं. त्यात डबाही तसाच परत येत होता, म्हणजे पोट रिकामं. त्यांनी आम्हाला जास्त तास चालणारी गोळी दिली. (ती चावायची किंवा कुटायची नाही, हे मुलाला नीट समजावून सांगा.) अकराचं रडणं थांबलं.

हेच रडणं सकाळी नऊला, गोळी पूर्ण चढलेली असताना आलं असतं, तर डोस जास्त होतोय का हे पाहावं लागलं असतं. म्हणून वेळ लिहायची.

डोस वाढवल्यावर आम्हाला तोही अनुभव आला. बाई म्हणाल्या, “आता अगदी शांत बसतो.” घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र बरं वाटेना, कारण तो हसत नव्हता. ‘कसं वाटतं?’ विचारलं की मुलं ‘काही नाही’ म्हणतात. मी विचारलं, “मधल्या सुट्टीत कुणाबरोबर खेळलास?” म्हणाला, “बाकावरच होतो.” मी त्याच दिवशी फोन केला, डोस कमी झाला आणि चार दिवसांत गुडघे खरचटून घरी आला. मूल गप्प झालं म्हणजे औषध लागू पडलं असं धरू नका. लक्ष लागायला हवं, आणि मूल आपलं आपल्याला ओळखूही यायला हवं.

भूक मरते, हे बहुतेक घरांत होतं. गोळीच्या आधी पोटभर द्या: तूप लावलेलं थालीपीठ, अंडं, दूध. दुपारच्या डब्यावरून भांडू नका; शेंगदाण्याचा एखादा लाडू खाल्ला तरी पुष्कळ. संध्याकाळी भूक परत येते, तेव्हा ताट तयार असू द्या. वजन दर महिन्याला एकाच काट्यावर करा. आमचं २४.५ किलोवरून २३.६ वर आलं होतं, ते रात्रीच्या जेवणाने भरून आलं. उंचीचीही नोंद ठेवा.

सकाळची गोळी चुकली तर संध्याकाळी देऊ नका, झोप उडते. दुसऱ्या दिवशी दोनही देऊ नका. ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय देत नाहीत. पाकिटात पाच-सहा उरल्या की शोधायला लागा. सर्दीचं औषध किंवा काढा-चूर्ण काहीही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

गोळी सुरू होण्याआधीच एक गोष्ट नक्की सांगा: घराण्यात कुणी तरुण वयात अचानक गेलं आहे का, मुलाला हृदयाचा काही त्रास आहे का. आमच्याकडे चुलतसासरे तसे गेले होते, म्हणून आधी ईसीजी काढला. छातीत दुखणं, खेळताना चक्कर येऊन पडणं, नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, मरणाबद्दल बोलणं, यातलं काहीही झालं तर वही-बिही राहू द्या आणि तडक दवाखाना गाठा. डोळे मिचकावणं किंवा मान उडवणं नव्याने सुरू झालं तर लिहून ठेवा आणि फोन करा. डोस मात्र स्वतःच्या मनाने वाढवू-घटवू नका.

तपासणीला जाताना वही, वजनाचे आकडे आणि शाळेची डायरी सोबत न्या. मुलाला बाहेर बसवू नका, त्यालाही विचारू द्या. माझ्या मुलाने डॉक्टरांना विचारलं होतं, “रविवारी पण घ्यायची का?” हे विचारायचं आहे, ते मला सुचलंच नव्हतं.