मनातून उतरली, ते पान कोणतं?

'जेन एअर' ही इंग्रजी कादंबरी आमच्या वाचनगटात आजवर तीनदा झाली. पहिल्या वेळी बैठक सुरू करताना मी विचारलं, "कशी वाटली जेन?" आणि तिथेच सगळं बिघडलं. एकीला ती बाणेदार वाटली, दुसरीला आढ्यताखोर. एकजण म्हणाले, साधी आणि सच्ची. शेजारच्या बाई म्हणाल्या, साधी कसली, सगळ्यांना मनात तोलत बसलेली असते. दीड तास नुसती विशेषणं इकडून तिकडे गेली, आवाज चढले, आणि पुस्तक कुणी एकदाही उघडलं नाही. घरी जाताना फार वाईट वाटलं, कारण त्यातल्या प्रत्येकाने कादंबरी मन लावून वाचलेली होती.

दुसऱ्या खेपेपासून मी एकच प्रश्न आठवडाभर आधी कळवते: जेन तुमच्या मनातून कुठे उतरली, किंवा मनात कुठे बसली? ती जागा पेन्सिलीने खूण करून आणायची आणि बोलण्याआधी तेवढा मजकूर मोठ्याने वाचायचा. तुमच्या गटात ही कादंबरी घ्यायची असेल तर इथूनच सुरुवात करा. बाकीच्या गोष्टी या प्रश्नाच्या मागोमाग येतात.

आधी आवृत्तीचं बघा. कादंबरी ऑक्टोबर १८४७ मध्ये लंडनला तीन खंडांत निघाली, संपादक म्हणून नाव छापलं होतं करर बेल. शार्लट ब्राँटीने घेतलेलं ते टोपणनाव. एकूण प्रकरणं ३८. काही आवृत्त्या ती सलग मोजतात, तर काही जुन्या खंडांप्रमाणे १५, ११ आणि १२ अशी प्रत्येक वेळी एकपासून. त्यामुळे एकाचं सत्ताविसावं प्रकरण म्हणजे दुसऱ्याच्या तिसऱ्या खंडातलं पहिलं. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर निम्मा वेळ पानं शोधण्यात जातो. संक्षिप्त आवृत्ती मात्र चालवून घेऊ नका. आमच्यात एकीने तशी आणली होती, तीत सेंट जॉन या जेनच्या आतेभावाचा भाग दोन पानांत उरकला होता. ती बिचारी शेवटच्या बैठकीत गप्प बसून राहिली.

बैठकी पाच ठेवा: प्रकरण १ ते १०, ११ ते २०, २१ ते २६, मग एकटं २७, आणि शेवटी २८ ते ३८. सत्ताविसाव्याला स्वतंत्र बैठक कशाला, असं कुणीतरी विचारेलच. तिथे ठाम राहा.

पहिल्या बैठकीत नात्यांचा तक्ता कागदावर काढा. इंग्रजीत सगळ्या 'आँट' आणि सगळे 'कझिन', त्यामुळे वाचताना नाती पुसट होतात. मराठीत मांडली की चित्र लख्ख होतं. मिसेस रीड ही जेनच्या आईच्या भावाची बायको, म्हणजे मामी. मदेरा बेटावरचा जॉन एअर हा काका. त्याच्या बहिणीची मुलं म्हणजे डायना, मेरी आणि सेंट जॉन, म्हणजे जेनच्या दोन आतेबहिणी आणि एक आतेभाऊ. आता चौथ्या प्रकरणात दहा वर्षांची ही मुलगी मामीला तोंडावर सांगते की तुम्ही माझ्या कुणी लागत नाही याचा मला आनंद आहे, जन्मात पुन्हा तुम्हाला त्या नात्याने हाक मारणार नाही. हे वाक्य 'मामी' शब्द घालून वाचून बघा. आमच्याकडे दोघींनी याच जागी खूण केली होती, एकीने मनात बसली म्हणून आणि दुसरीने उतरली म्हणून.

अशा वेळी लगेच बाजू घेऊ नका. दुसरा प्रश्न हातात ठेवा: हे वाक्य कुठली जेन बोलतेय? शेवटच्या प्रकरणात ती सांगते की लग्नाला दहा वर्षं झाली. म्हणजे गोष्ट सांगणारी बाई तिशीची आहे. भांडणारी मुलगी दहाची, थॉर्नफील्डच्या वाड्यात शिक्षिकेच्या नोकरीला जाणारी अठराची, आणि या दोघींवर टिप्पणी करणारी तिशीची. 'उपदेश फार करते' असं ज्यांचं म्हणणं असतं त्यांच्या खुणा बहुतेक तिशीच्या जेनच्या वाक्यांवर निघतात. आणि 'किती धीट पोर' म्हणणाऱ्यांच्या दहाच्या. दोघे एकाच नावाच्या दोन बायकांबद्दल बोलत असतात. हे लक्षात आलं की आवाज आपोआप खाली येतात. मतं बदलतातच असं नाही, आणि बदलायचीही गरज नाही.

दुसरी बैठक सहसा सुरळीत जाते. हास्य, आग, रात्रीच्या किंकाळ्या, लोक रंगून बोलतात. बाराव्या प्रकरणात जेन म्हणते की स्त्रियांनाही पुरुषांसारखंच वाटतं, त्यांनाही हातपाय हलवायला वाव हवा. तेवढा उतारा मोठ्याने वाचून घ्या आणि पुढे चला.

तिसऱ्या बैठकीसाठी तुम्ही स्वतः चोविसावं प्रकरण नीट वाचून जा. थॉर्नफील्डचा मालक रॉचेस्टर याच्याशी लग्न ठरलंय, तो तिला रेशमी कपडे आणि दागिन्यांनी मढवायला निघालाय, आणि ती बाहुलीसारखं नटायला तयार नाही. तो गाणं म्हणतो, त्यात प्रेयसी त्याच्यासोबत जगायची आणि मरायची शपथ घेते. जेन साफ सांगते: माझी वेळ येईल तेव्हा मरायचा हक्क मलाही आहे, पण तोवर मी थांबेन, घाईघाईने सती जाणार नाही. इंग्रजी कादंबरीत, १८४७ साली, हा शब्द आहे. आपल्या वाचकांना इथे थबकायला होतं. कुणाला तिच्या धिटाईचं कौतुक वाटतं, कुणाला आपल्याकडची वेदना तिने होणाऱ्या नवऱ्याशी चाललेल्या थट्टेत वापरली हे खटकतं. दोन्ही म्हणणी नीट ऐकून घ्या. याच प्रकरणात ती काकाला पत्र लिहायचं ठरवते, कारण स्वतःचा थोडा पैसा असता तर हे मिंधेपण सोसावं लागलं नसतं. तेच पत्र फिरून फिरून तिचं लग्न वेदीवर मोडतं. 'जेन नुसती सोसत राहते' असं कुणी म्हणालं तर या पत्रावर बोट ठेवा.

मग सव्विसावं. माडीवरच्या कोंडलेल्या खोलीचं दार उघडतं आणि जेन बर्थाकडे, रॉचेस्टरच्या जिवंत असलेल्या पहिल्या बायकोकडे, पाहते. जनावर की माणूस ते आधी कळत नाही, असं म्हणून ती पुढे तिच्यासाठी 'इट' हे सर्वनाम वापरते. मराठीत आणताना तुम्हाला ठरवावं लागेल: 'ती' म्हणणार की 'ते'? गटाला हे करायला लावा. आमच्यातली सर्वांत तरुण मुलगी 'ते' उच्चारू शकली नाही. तीन वेळा वाक्य सुरू केलं आणि थांबली. म्हणाली, इथेच ती माझ्या मनातून उतरली, मघापर्यंत मला जेन जीव की प्राण होती. त्यावर कुणी "त्या काळात असंच होतं" म्हणून विषय मिटवू लागलं तर मिटवू देऊ नका. डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीसने १९६६ मध्ये याच बाईची बाजू मांडणारी स्वतंत्र कादंबरी लिहिली. वाचकाचा हा सल इतका खरा आहे. पण ती कादंबरी या बैठकीत आणू नका, नाहीतर चर्चा तिच्यावरच घसरते.

आता सत्ताविसावं. तिने सोडून जाऊ नये म्हणून रॉचेस्टर विनवतो, रागावतो, बळजबरीची भाषाही करतो. तुझी काळजी करायला आहेच कोण, या विचारावर ती स्वतःलाच उत्तर देते: मी आहे. जितकी एकटी, तितका माझा मान मी राखीन. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. तुम्ही गटाला त्यापुढे न्या. पहाट व्हायच्या आत ती उठते. त्याने दिलेला मोत्यांचा हार मागे ठेवते. पैशाच्या पिशवीत २० शिलिंग. त्याच्या खोलीपाशी येते तर आत तो येरझाऱ्या घालतोय. खाली स्वयंपाकघरात बाजूच्या दाराची किल्ली शोधते, तेलाची कुपी आणि एक पीस घेते, किल्लीला आणि कुलपाला तेल लावते, आवाज होऊ नये म्हणून. थोडं पाणी, थोडी भाकरी, आणि बाहेर. हा भाग हळू वाचायला सांगा. तत्त्वासाठी प्रेम लाथाडणारी कठोर बाई, असं ज्यांचं मत होतं त्यातले दोघे त्या पिसापाशी गप्प झाले. एकांचं मत मात्र उलट आणखी पक्कं झालं: इतक्या थंड डोक्याने कुलपाला तेल लावणारीला प्रेम होतं तरी का? मला त्यांचं पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्यांनी पान दाखवलं होतं.

समीक्षकांची मतं इथवर बाहेर काढू नका. आधी वाचली की लोक तीच बोलतात. चौथ्या बैठकीच्या शेवटी सांगा की डिसेंबर १८४८ च्या 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये एलिझाबेथ रिग्बीने, तेव्हा निनावी, जेनवर कृतघ्नपणाचा आणि अहंकाराचा ठपका ठेवला होता: अनाथ, निर्धन असून ही कुणाचे आभार मानत नाही, देवाचे तर नाहीच. ज्यांना जेन आवडत नाही ते हे ऐकून चमकतात. रिग्बीला ती फार बंडखोर वाटली, आजच्या कित्येकांना ती शेवटी रॉचेस्टरकडे परत गेली म्हणून पुरेशी बंडखोर वाटत नाही. नाराजी दोघांची, पण कारण विरुद्ध. तुमची नाराजी नेमकी कुठली, हे प्रत्येकाला एका वाक्यात लिहायला सांगा.

शेवटच्या बैठकीत दोन जागा हमखास पेटतात. काकाकडून वारशाने आलेले २०,००० पौंड ती स्वतः आणि तीन आतेभावंडं अशा चौघांत वाटते. थॉर्नफील्डला तिचा पगार वर्षाला ३० पौंड होता, म्हणजे साडेसहाशेहून जास्त वर्षांची कमाई हातात आली आणि तीन चतुर्थांश तिने देऊन टाकली. हा हिशेब फळ्यावर मांडा, मग बोला. दुसरी जागा चौतिसावं प्रकरण. सेंट जॉन तिचं जर्मन बंद करून तिला हिंदुस्तानी शिकायला लावतो, कारण त्याला हिंदुस्थानात मिशनरी म्हणून जायचंय आणि बायको हवीय. सोबत यायला ती तयार आहे, बायको म्हणून नाही. गटातल्या सर्वांत ज्येष्ठ ताई दुसऱ्या वेळी सत्ताविसाव्यात खूण करून आल्या होत्या. तिसऱ्या वेळी त्यांची खूण इथे होती. रॉचेस्टरला सोडणं सोपं, तो चुकलेला होता, त्या म्हणाल्या. हा माणूस चुकत नाही, आणि तरी ती नाही म्हणते.

खुणा पुसू नका. शेजारी तारीख घाला, पुढच्या वाचनाला वेगळ्या रंगाची पेन्सिल घ्या. माझ्या प्रतीत सव्विसाव्या प्रकरणात पहिल्या दोन वेळी काहीच खूण नाही. तिसऱ्या वेळी त्या 'इट'भोवती लाल गोल आहे.