कॉम्प्युटरला व्हायरस लागला, की ऊन?

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर चढला की दुपारी एखादा फोन ठरलेला: "भाऊ, व्हायरस आला वाटते, फॉरमॅट मारून द्या." जाऊन पाहावं तर पुष्कळदा व्हायरस नसतोच. सीपीयूच्या पंख्यावर तुरीच्या भुशाचा थर, शेजारी कूलरची दमट हवा. म्हणून आधी हे बघा: सकाळी मशीन बरी चालते आणि दुपारी अडखळते किंवा आपोआप बंद पडते का? तसं असेल तर प्लग काढा, झाकण उघडा, मऊ ब्रशने धूळ झाडा. सकाळच्या गारव्यातही तेच रडगाणं असेल, तर पुढे वाचा.

कॉम्प्युटर चालू करून दहा मिनिटं काहीच उघडू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'सीपीयू' या शब्दावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त राबणारा प्रोग्राम वर येतो. अनोळखी नाव सतत वर बसलं असेल तर ते नेटवर शोधा; कधीकधी तो साधा विंडोज अपडेटच निघतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा डेटा दुपारपर्यंत संपतो, त्यामागेही बरेचदा हाच अपडेट असतो. मात्र टास्क मॅनेजर उघडताच मिटला, किंवा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केलं आहे' असं म्हणाला, तर संशय पक्का धरा. घरच्या कॉम्प्युटरचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तुम्हीच, दुसरं कोण? अँटीव्हायरस आपोआप बंद होऊन परत चालू होत नसेल, तर तेही लक्षण वाईटच.

पण गावात व्हायरस येतो तो मुख्यतः पेन ड्राइव्हवर बसून. पीक विम्याच्या कागदांची प्रिंट काढायला मी एका झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला होता. घरी आणून लावला तर 'सातबारा' नावाचं फोल्डर जागेवरच होतं, फक्त त्याच्या चित्रावर खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण आला होता. साइज एक-दोन केबी. आत २० पानं स्कॅन केलेली, आणि वजन एवढंसं! तो शॉर्टकट होता, खरं फोल्डर नव्हे. मी घाईत त्यावर डबल क्लिक केलं आणि व्हायरस घरच्या मशीनमध्ये घेतला. तुम्ही ते करू नका. खरे कागद बहुधा गेलेले नसतात, लपवलेले असतात. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा. तरी दिसले नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स'ची टिक तेवढ्यापुरती काढा. पीडीएफ आणि फोटो तेवढे उचला, पेन ड्राइव्ह स्कॅन करा, मग फॉरमॅट.

ब्राउझरचं पहिलं पान आपोआप बदललं, शोधायचं एक आणि उघडतं भलतंच, तर एक्स्टेन्शनची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची) यादी उघडून ओळखीची नसलेली काढून टाका. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' अशी लाल पाटी आली तर अजिबात फोन लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर नसतो. बोलता बोलता खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा.

फायलींची नावं विचित्र झाली आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर नेट तोडा, पेन ड्राइव्ह काढा, पैसे देऊ नका. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

बाकी संशयासाठी विंडोज १० किंवा ११ वर विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', मग 'स्कॅन ऑप्शन्स' आणि त्यात ऑफलाइन स्कॅन. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनवर बँकेचं काम नकोच. स्कॅनला साधारण १५ मिनिटं लागतात, मशीन स्वतःच बंद होऊन चालू होते. मध्येच लाइट जाऊ नये म्हणून मी तो इन्व्हर्टरवर लावतो, कूलर बंद ठेवून.