कूलरचा शॉक किती घातक? ओहमच्या नियमाने मांडा हिशोब

नागपुरात एप्रिल लागला की कूलर बाहेर निघतो. ताट्या बदलतात, टाकी घासली जाते, पण वायरिंगकडे कुणी बघत नाही. पत्र्याची बॉडी, पाण्यात बुडालेला पंप, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे सगळं इथे एकत्र आलेलं असतं. बॉडीत करंट उतरला तर काय होईल, हे एका भागाकाराने कळतं.

ओहमचा नियम सांगतो: करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध (करंटच्या वाटेतला अडथळा, ओहममध्ये मोजतात). घरातलं व्होल्टेज 230. शरीराचा रोध मात्र ठरलेला नसतो. कोरडी, जाड कातडी एक लाख ओहमपर्यंत रोध देते. घाम आला, हात ओला झाला की हाच रोध हजार ओहमच्या आसपास येतो, कारण कातडीच्या आत शरीराचा रोध जेमतेम काही शे ओहम असतो. 230 भागिले 1000 म्हणजे 0.23 अँपिअर, अर्थात 230 मिलिअँपिअर. कोरड्या हाताचा हिशोब 2.3 मिलिअँपिअर निघतो, पण त्यावर विसंबू नका. एवढ्या व्होल्टेजला कातडीचा थर फुटतो आणि रोध झपाट्याने खाली येतो. हिशोब नेहमी 1000 ओहम धरूनच करा.

आता हा आकडा ताडून बघा. सुमारे 1 मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. 10 च्या पुढे मूठ आवळली जाते आणि धरलेला पत्रा सोडवत नाही. 30 च्या आसपास श्वासाचे स्नायू अडकू शकतात. 50 ते 100 मिलिअँपिअर सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाचा ठोका बिघडून जीव जाऊ शकतो. आपला आकडा आहे 230.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, इथे वाचवत नाही. 6 अँपिअरच्या एमसीबीला 0.23 अँपिअर म्हणजे काहीच नाही. ती वायर जळू नये म्हणून असते. माणसासाठी अर्थिंग (बॉडीत उतरलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी) आणि आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) लागते.

अर्थिंगलाही हाच नियम लावा. फेज (करंट आणणारी वायर) बॉडीला टेकली आणि जमिनीतून परत जाणाऱ्या वाटेचा एकूण रोध 3 ओहम असेल, तर सुमारे 77 अँपिअर वाहतात आणि 6 अँपिअरची एमसीबी लगेच पडते. तोच रोध 40 ओहम असेल तर करंट 5.75 अँपिअर. एमसीबी पडत नाही आणि पत्र्यात करंट तसाच राहतो. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळते. खड्ड्यातली ओल गेली की रोध वाढतो, तोही नेमका कूलरच्या दिवसांत. म्हणून उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवाच. अर्थिंगचा रोध 1000 ओहम असला तरी गळती 230 मिलिअँपिअर होते आणि ती पडते. शरीरातून जाणारा करंट ती कमी करत नाही, वेळ कमी करते: 150 मिलिअँपिअरच्या वर 0.04 सेकंदात. पण एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आला तर तिला कळतच नाही. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. त्याने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

कूलर लावण्याआधी प्लग काढून ठेवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरं बॉडीच्या उघड्या स्क्रूला लावा. रंगावर टेकवलं तर चुकीचं वाचन येईल. 1 ओहमपेक्षा जास्त आलं तर अर्थची वायर तुटली आहे किंवा गंजली आहे. दोन पिनांचा प्लग असेल तर तो कूलर वापरूच नका. मग वायरमनकडून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या यंत्राने) फेज-न्यूट्रल आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन बघून घ्या, पंप पाण्यात बुडवून. 1 मेगाओहम आलं तर गळती 0.23 मिलिअँपिअर, त्याखाली आलं तर बहुधा पंपाचं सील गेलेलं असतं. पंपच बदला, टेप गुंडाळून पाण्यात सोडू नका.

टाकीत पाणी भरताना स्विच नव्हे, प्लग काढा. बऱ्याच घरांत स्विच न्यूट्रलवर जोडलेला असतो, मग बंद असतानाही आत फेज राहते.

कुणी चिकटलं तर हात लावू नका, मेन बंद करा. कूलर इन्व्हर्टरवर असेल तर मेन बंद करून करंट थांबत नाही, इन्व्हर्टरही बंद करावा लागतो. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब द्या आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा.