रानकांदा ओळखताना या चुका टाळा

‘रानकांदा औषधी असतो’ एवढं ऐकून कुदळ घेऊन निघू नका. आधी विचारा, कुठला रानकांदा? औषधातला कोळकांदा म्हणजे शास्त्रीय नावाने ड्रिमिया इंडिका. जुन्या पुस्तकांत तोच अर्जिनिया इंडिका या नावाने येतो, म्हणून त्या दोन वेगळ्या वनस्पती समजू नका. पण क्रायनम, पॅन्क्रॅटियम, लेडेबुरिया या वेगळ्या वनस्पतींचे कांदेही लोकांच्या तोंडी सर्रास रानकांदेच असतात. त्यात फोनवर ‘कडू करांदा’ सांगितलं की समोरचा ‘कडू कांदा’ ऐकतो. करांदा तर वेल आहे, पानं हृदयाच्या आकाराची. त्याला पापुद्र्यांचा कांदा नसतोच, भरीव कंद असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उपटलेला कांदा बघून नाव ठरवणं. पापुद्रे या सगळ्यांनाच असतात. चुरगळून कांद्याचा वास आला नाही, तर तो खाण्याचा कांदा नाही एवढंच कळतं; कोळकांदा आहे हे त्यावरून ठरत नाही.

पावसाळ्यात नुसत्या पानांचा फोटो काढून अ‍ॅपला विचारणंही तसंच. कोळकांद्याची गंमत अशी, की भर उन्हाळ्यात एकही पान नसताना जमिनीतून सरळ दांडा येतो. त्यावर दूरदूर, लांब देठांवर लोंबणारी हिरवट-तपकिरी लहान फुलं असतात. लांबून वाळकी काडीच वाटते. लांबट चपटी पानं येतात पाऊस पडल्यावर, तोवर फुलं गेलेली असतात. एप्रिलमध्ये दांडा दिसला की तिथे दगड रचून ठेवा, जुलैत त्याच जागी पानं बघा. दांड्याच्या टोकाला मोठ्या पांढऱ्या फुलांचा झुबका दिसला तर ते क्रायनम. पांढऱ्या फुलात मध्यभागी वाटीसारखा पडदा असेल तर पॅन्क्रॅटियम. पानांवर जांभळट ठिपके असले तर लेडेबुरियाचा संशय घ्या.

चाखून बघणं तर नकोच. कोळकांद्यात हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइड्स नावाची रसायनं असतात. उलट्या होतात, नाडी मंदावते, ठोके अनियमित होऊ शकतात. रसाने हाताला खाज सुटते, म्हणून हाताळताना हातमोजे घाला. नाव पक्कं झालं तरी काढा घरी करू नका, मात्रा वैद्यांनाच ठरवू द्या.

कुणी खाल्लाच असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. लगेच दवाखान्यात न्या, आणि उरलेला कांदा पाना-फुलांसकट सोबत घ्या. डॉक्टरांना नुसतं ‘रानकांदा’ सांगून भागणार नाही.