भांडणारे ससे: नसबंदी करताना आणि जोडी जमवताना या चुका टाळा

कापूस आणि चिंगी आमच्याकडे आले तेव्हा दोन महिन्यांचे होते. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "दोन्ही माद्या आहेत, बहिणी-बहिणी, खुशाल एका पिंजऱ्यात ठेवा." चौथा महिना लागला आणि एका सकाळी पिंजऱ्यात पांढऱ्या केसांचे पुंजके पडलेले दिसले. चिंगीचा कान टोकाशी फाटला होता. डॉक्टरांनी दोघांना आळीपाळीने उताणं धरून पाहिलं आणि म्हणाले, "चिंगी कसली, हा चिंगू आहे. आणि कापूसही नरच."

घरातल्यांचं म्हणणं पडलं की कापूसच खुनशी आहे, त्याला कुणाला तरी देऊन टाकू. पण साडेतीन-चार महिन्यांच्या आसपास ससे वयात येतात, आणि कालपर्यंत एकमेकांच्या अंगावर झोपणारी भावंडं जागेसाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. दोन नर तर भांडतातच, दोन बहिणीही सोडत नाहीत. स्वभावाचा यात फार थोडा भाग असतो.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबणं

अगदी लहान पिल्लांचं लिंग ओळखणं अवघड असतं. नराचे अंडकोष साधारण दहा ते बारा आठवड्यांनी खाली उतरतात, आणि घाबरला तर तो ते पोटात ओढूनही घेतो. म्हणून तिसऱ्या महिन्यात एकदा डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. जोडी नर-मादी निघाली तर त्याच दिवशी वेगळी करा. मादी साधारण 31 दिवसांत विते आणि व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणणाऱ्यांच्या घरी दोनाचे दहा झालेले मी पाहिलेत.

'नसबंदी' या शब्दाचा घोळ

आपण सगळे नसबंदी म्हणतो, मीही म्हणते. पण माणसांच्या नसबंदीत फक्त नळी बांधतात, हार्मोन्स तशीच राहतात. भांडण थांबवायचं असेल तर नराचे अंडकोष काढावे लागतात, म्हणजे बैलाच्या बाबतीत ज्याला खच्चीकरण म्हणतात ते. मादीचं गर्भाशय आणि बीजकोष काढतात. नराचं ऑपरेशन चौथ्या महिन्यापासून करता येतं, मादीचं बहुतेक डॉक्टर पाच-सहा महिन्यांनंतर करतात.

"मादीला कशाला एवढं पोट फाडायचं?" हा प्रश्न हमखास येतो. ऑपरेशन न केलेल्या सशिणींमध्ये तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं असतं. भांडणाचा प्रश्न नसता तरी ते करून घेण्यासारखंच आहे.

ऑपरेशनआधी उपाशी ठेवणं

ही चूक मी स्वतः केली. दवाखान्यातून फोनवर सांगितलं गेलं, "रात्री बारानंतर काही देऊ नका," आणि मी शहाण्यासारखी पिंजऱ्यातलं गवतसुद्धा काढून घेतलं. कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी होऊन ती श्वासनळीत जाऊ शकते. सशाला उलटी होतच नाही. उलट त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं; ते थांबलं की पोटात वायू धरतो, दुखायला लागतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थंडावतं.

कापसाचं ऑपरेशन नीट झालं. घरी आणल्यावर मात्र तो कोपऱ्यात पाठीची कमान करून, दात करकरत बसून राहिला. मेथी नाकाशी धरली तरी तोंड फिरवलं. रात्री दहापर्यंत ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती. सकाळी सलाईन, वेदनाशामक, आणि मग दोन दिवस दर तीन तासांनी सिरिंजने पातळ खाणं भरवणं. वाचला.

चिंगूच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "येताना कोथिंबिरीची जुडी आणाल ना?" भूल देण्याच्या तास-दोन तास आधीपर्यंत त्याच्यापुढे गवत होतं, आणि शुद्धीवर आल्यावर तासाभरात त्याने कोथिंबिरीच्या काड्या कुरतडल्या. तेव्हा डॉक्टर निवडताना फीआधी दोन गोष्टी विचारा: तुम्ही सशांची ऑपरेशनं नेहमी करता का, आणि त्याला उपाशी ठेवायचं का? दुसऱ्याचं उत्तर "हो" आलं तर आभार मानून फोन ठेवा. घरी आणल्यावर बारा तासांत तो काही खात नसेल किंवा लेंड्या पडत नसतील, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि घरातलं माणसांचं अँटिबायोटिक कधीही नाही. अॅमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यात ससा दगावू शकतो. चावल्याची जखम बाहेरून छोटी दिसली तरी दाखवाच. सशाचा पू श्रीखंडासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, आत गाठ करून बसतो.

टाके सुकले की एकत्र सोडणं

दहा दिवसांत जखम भरते, ससा उड्या मारायला लागतो, आणि आपल्याला वाटतं झालं काम. पण रक्तातली हार्मोन्स ओसरायला चार ते सहा आठवडे जातात. नर तर तेवढ्या काळात मादीला गाभण ठेवण्याइतका सक्षमही असू शकतो.

हे आठवडे वाया मात्र घालवू नका. दोन पिंजरे शेजारी ठेवा, मध्ये चार बोटांपेक्षा जास्त अंतर सोडा, नाहीतर जाळीतून नाकं चावतात. एक-दोन दिवसांआड दोघांच्या पिंजऱ्यांची अदलाबदल करा: याचा ट्रे त्याला, त्याचं पोतेरं याला. खाणं जाळीच्या बाजूलाच ठेवा. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे नुसती आदळआपट चालली होती. पाचव्या आठवड्यात दोघं जाळीच्या दोन बाजूंना पाठ लावून झोपायला लागले.

भेट घरच्याच जागेत घडवणं

ज्याच्या पिंजऱ्यात दुसऱ्याला सोडाल, त्याच्या लेखी तो घुसखोर. जागा दोघांनाही परकी हवी. आमच्या घराचा कानाकोपरा कापसाने हनुवटी घासून आपल्या नावावर केला होता, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकूंची बाल्कनी मागून घेतली. बाथरूमही चालतं, पण फरशीवर चटई अंथरा. पाय घसरला की ससा घाबरतो आणि घाबरला की चावतो. गवताचे दोन ढीग ठेवा, आणि पुठ्ठ्याचं खोकं ठेवणार असाल तर त्याला दोन दारं पाडा. एका दाराच्या खोक्यात पळणारा अडकतो. उन्हाळ्यात हे सगळं पहाटे उरका. तिशीच्या पुढे पारा गेला की सशांना उष्माघाताचा धोका असतो.

पहिली भेट दहा-पंधरा मिनिटांची पुरे. आता सगळ्यात जास्त चुका होतात त्या पाहण्यात. एकाने दुसऱ्यावर चढणं म्हणजे भांडण नव्हे, ऑपरेशननंतरही ससे वर कोण हे तसंच ठरवतात. काही सेकंद चढू द्या, खालचा वैतागला तर हलकेच उतरवा. तोंडाच्या बाजूने चढला तर मात्र लगेच हटवा, कारण खालच्याचे दात नको तिथे पोचतात. थोडा पाठलाग, तोंडात आलेले चार केस, हेही चालतं. शेपटी ताठ, कान मागे चिकटलेले आणि दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गोल फिरू लागले, की पुढच्या दोन सेकंदांत केसांचा भोवरा उठणार.

त्या भोवऱ्यात हात घालू नका. माझ्या अंगठ्यावर अजून व्रण आहे. केराची सुपली दोघांच्या मध्ये सरकवा किंवा जाड टॉवेल टाका.

चांगली खूण बहुतेकांना कंटाळवाणी वाटते: दोघं एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. एक गवत खातोय, दुसरा तोंड धुतोय. याहून चांगलं काही नाही. मग एक दिवस एक जण डोकं जमिनीला टेकवून दुसऱ्यापुढे बसतो, म्हणजे "चाट मला". आमच्याकडे दोघंही डोकी टेकवून दहा-दहा मिनिटं बसत, माघार कुणीच घेईना. शेवटी चिंगूने कापसाचा कान चाटला, तोही जेमतेम दोनदा.

काही जण सल्ला देतात की दोघांना गाडीत घालून फिरवा, घाबरून एकमेकांना बिलगतात. बिलगतात खरे, पण ती भीती असते, मैत्री नव्हे, आणि आपल्याकडच्या उकाड्यात बंद गाडी सशासाठी जीवघेणी. मला हा प्रकार मुळीच पटत नाही.

भेटी हळूहळू लांबवा. काही जोड्या दोन दिवसांत जमतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. नर-मादीची जोडी सहसा सोपी, आमच्यासारखे दोन नर किंवा दोन माद्या जास्त चिकाटी मागतात. सलग दोन दिवस-रात्र तंटा झाला नाही, तर घरचा पिंजरा व्हिनेगरच्या पाण्याने पुसून, सामानाची जागा बदलून दोघांना एकदमच आत सोडा. आणि खूप प्रयत्नांनंतरही नाहीच जमलं, तर शेजारी-शेजारी दोन पिंजरे हाही चांगला संसार आहे.

जमलेली जोडी तोडणं

आमची जोडी सात आठवड्यांत जमली आणि आठ महिन्यांनी एका दुपारीत मोडली. कापसाचे वाढलेले दात घासून कमी करायला त्याला एकट्याला दवाखान्यात नेलं, तो औषधांचा वास घेऊन परत आला आणि चिंगूने त्याला ओळखलंच नाही. पुन्हा दोन पिंजरे, पुन्हा काकूंची बाल्कनी. आता दवाखान्यात दोघं एकाच टोपलीत जातात. तपासणी एकाची असते, डॉक्टर फीही एकाचीच घेतात. चिंगू नुसता सोबत आलेला असतो, कोथिंबीर खायला.