एकाच वाइनच्या सहा बाटल्या

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताची रेड वाइन मुरत कशी जाते ते चाखायचं असेल, तर एकाच मळ्याच्या, एकाच सालच्या सहा बाटल्या घ्या आणि तीनेक वर्षांनी एकेक उघडा. तिथल्या दिजाँ शहरात राहायला आल्यावर मी २०१० सालची झेव्रे-शांबर्तां गावची प्रीमिए क्रू, म्हणजे वरून दुसऱ्या दर्जाच्या मळ्यातली वाइन, अशी घेतली. इमारतीच्या तळघरात १२-१३ अंशांना आडवी ठेवली. उभी ठेवली की बूच सुकतं.

पहिली २०१३ मध्ये उघडली. चेरी, रासबेरी, वर ओकच्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वास. आंबट एकीकडे, तुरट दुसरीकडे. वहीत लिहिलं, ‘कोकम सरबत, साखर विसरलेलं.’

२०१६ मध्ये मात्र वासच नाही. नवरा म्हणाला, बिघडली. बिघडली नव्हती, बर्गंडीला अशी मुकी वर्षं येतात. दुसऱ्या दिवशी उरलेला पेला हुंगला तर चेरी हळूच परतली होती. या टप्प्यावर चिडून उरलेल्या बाटल्या वाटून टाकू नका. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर गोष्ट वेगळी. तो दोष बुचाचा, कितीही थांबलात तरी जात नाही.

२०१९ मध्ये उघडलेली बरी होती, एवढंच.

२०२३ च्या वेळी नीट तयारी केली. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवली, म्हणजे गाळ तळाशी बसतो. त्या संध्याकाळी उदबत्ती नाही, फोडणी नाही. वाइन १५-१६ अंशांवर, पेला मोठ्या पोटाचा, ओतायचा तिसरा हिस्साच. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून कड पाहा. ही वाइन ज्या द्राक्षाची, त्या पिनो न्वारची साल पातळ, त्यामुळे वाइन तरुणपणीही फिकीच असते. वय कळतं ते कडेच्या विटकरी झाकेवरून. पहिल्यांदा पेला न हलवता हुंगा.

आणि काय वास होता! पाऊस पडून गेल्यावर आमच्या वेंगुर्ल्याच्या परसात आंब्याखाली पालापाचोळा कुजायला लागतो ना, तो. मग अळंबी, जुनं चामडं. इथले लोक याला ‘सू-ब्वा’ म्हणतात, रानातल्या झाडांखालचं. चेरी होती, पण सुकवलेली. तुरटपणा देणारं टॅनिन काही गाळात गेल्यामुळे तुरटपणा मऊ झालेला, आंबटपणा मात्र शाबूत. तो टिकला म्हणून उरलेल्या दोन बाटल्या मी ठेवल्या आहेत.

जुनी बाटली डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनच्या काचेच्या सुरईत, ओतून तासभर ठेवू नका, वास उडून जातो. सरळ पेल्यात ओता आणि गाळ दिसला की हात थांबवा.