मासेमारी धोरणाच्या इंटर्नशिपला निघताना

विषय ‘हवामानबदल आणि मासेमारी धोरण’ असला, तरी पहिले आठ दिवस ऑफिसात बसू नका. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदरावर होते. तिथल्या संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात नुसतं उभं राहून ऐकलं, तरी निम्मा अभ्यास होतो.

तारखा बघून ठरवा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा जाळी विणणारी माणसं निवांत भेटतात, पण लिलाव दिसत नाही. जाण्याआधी १९८१चा राज्याचा सागरी मासेमारी कायदा आणि त्यातल्या २०२१च्या सुधारणा वाचून जा.

‘हवामानबदलाचा काय त्रास होतो?’ असं विचारू नका. ‘मासळी कमी झाली’ एवढंच उत्तर मिळतं. ‘होडी किती दिवस किनाऱ्याला होती?’ असं विचारा. मी विचारलं, तर एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) २०१९चं जुनं कालनिर्णयच काढलं. ऑक्टोबरअखेर क्यार, त्यामागोमाग महा वादळ. त्या चौकटींवर पेन्सिलीच्या फुल्या. डिझेल-बर्फ भरलेला, खलाशांचा खर्च चालू, होडी मात्र नांगरलेली. माझा सगळा अहवाल त्या फुल्यांवर उभा राहिला.

मासळी सुकवणाऱ्या मावश्यांशी वेगळं बोला, आणि तेही त्यांचं काम आटोपल्यावर. अवकाळी पावसात वाळत घातलेला जवळा कुजतो, ते नुकसान होडीच्या हिशेबात येत नाही. धोरणात ते आलंच पाहिजे.

शिफारशी मराठीत दोन पानांत लिहा आणि सादर करण्याआधी बंदरावर वाचून दाखवा. माझ्या दोन शिफारशी तिथेच बदलल्या.